नमुना

सोलापुरात चव्वेचाळीस,
आणि माझ्या पायाशी, कॅनच्या आत, उणे एकशे शहाण्णव.
कॅन जनावरांच्या दवाखान्यातून उसना आणलेला,
एरवी त्यात खिलार वळूंचं बीज असतं.
डॉक्टर हत्तुरेंनी विचारलं, तुमचं काय ठेवणार?
अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन, म्हटलं. त्याचे स्फटिक.
ते हसले. मग आमच्यासारखंच.
उद्यासाठी राखायचं.

अशोक चौकातली दोन अंडी, मीठ,
किंचित आंबट पाणी, अठरा दिवस.
वीज गेली की मी डबी ओल्या फडक्यात गुंडाळायची
आणि केगावच्या त्या खोलीत
पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे बघत बसायची.
एका सकाळी भिंगाखाली आले:
साखरेच्या कणाहून बारीक, कडा सरळ,
आत असंख्य रेणू एकाच दिशेला तोंड करून,
मागावर ताणलेल्या उभ्या सुतासारखे.

काही गोठवून कॅनमध्ये.
काही तसेच ओले, काचेच्या नळीत, माझ्या पर्समध्ये.

इंदूरला आधी पर्समधला काढला.
किरण सोडला. पडद्यावर हजारो ठिपके.
चौथ्या मिनिटाला काठावरचे विझले,
आधी काठावरचेच,
बारकावे तेच सांगतात.
आत पाणी फुटत होतं,
फुटल्या पाण्याचे चवताळलेले तुकडे
या रेणूवरून त्या रेणूवर,
गिरणी बंद पडणार ही बातमी
या चाळीतून त्या चाळीत जावी तसे.
गंधकानं गंधकाला मारलेली गाठ सुटली.
दहाव्या मिनिटाला पडद्यावर काही नव्हतं.

मग गोठवलेला, नायट्रोजनच्या झोतात,
उणे एकशे त्र्याहत्तरला.
तिथे बातमीचेच पाय गोठतात.
मी चहा पिऊन आले, ठिपके होते.
घरी फोन केला, तरी होते.
गाठी मात्र तिथेही सुटत होत्या, सावकाश,
आणि स्फटिक पिवळा पडला होता
जुन्या पोस्टकार्डासारखा.

रात्री झोत बंद केला.
गारवा उतरला तसा पिवळेपणाही उतरला,
आणि मला, इतकं शिकलेल्या मला,
क्षणभर वाटलं, बरा झाला.
मग आतून बुडबुडा.
आणखी एक.
मग चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

थंडीनं काही माफ केलं नव्हतं.
वसुली पुढे ढकलली होती, एवढंच.

घरी नायना ओसरीत बसले होते,
चाळीस वर्षं सूत रंगवलेली नखं अजून निळसर.
सगळं ऐकून म्हणाले,
म्हणजे बघितलं की मरतंय?
बघण्यानंच मरतं, नायना.
त्यात नवीन काय काढलीस.

उठले. ट्रंकेतून एक पुडकं आणलं,
काळ्या कागदात चादरीचा कोपरा,
गिऱ्हाईक पुन्हा तोच रंग मागेल म्हणून
राजमल्लू शेठच्या रंगखान्यात जपलेला नमुना.
बल्बखाली रंग खोटं बोलतो, म्हणाले,
खरा बघायचा तर उन्हात,
आणि ऊनच त्याला खातं.
मला उंबऱ्याशी उभं केलं. कागद उघडला.
मोरपंखी.
ओकटी, ते मोजू लागले, रेंडू,
आणि कागद मिटला.

मला अजून बघायचं होतं.

आता मी गोठवणार नाही. निदान सगळे नाही.
गोठलेला टिकतो खरा,
पण अवघडलेला, फोटोसाठी श्वास धरल्यासारखा;
ऊबेत हे प्रथिन हात हलवतं,
तो हात मला बघायचाय.
म्हणून दोनशे स्फटिक, ओले, कोमट,
आणि प्रत्येकाकडे रेंडू म्हणेपर्यंतच.
दोनशे अर्धवट नजरा जोडून
एक चेहरा होतो का, बघू.

अंडीवाल्याला चार डझन सांगितली.
तो म्हणाला, घरात काही कार्यक्रम आहे काय?
मी हो म्हटलं.